तिथी कुणाची चुकली

मुंबई,
ता. १४ फेब्रुवारी १९६१

ती. ठमाबाय हिला धाकट्या धर्माजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडची खुशाली तू कळवत नाहीस, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून घेतो. दाजींचा गुडघा धरला आहे आणि तुझं तोंड अजून पहिल्यासारखंच चालतं, एवढं रेवसच्या लाँचवर कळलं. पहिलं ऐकून वाईट वाटलं, दुसरं ऐकून बरं वाटलं.

राही, हे पत्र आईला तूच वाचून दाखवणार, तेव्हा आधी तुझी माफी मागतो. माझं अक्षर लागत नाही. तुरुंगात माणसाचं अक्षर सुधारतं म्हणतात, माझं तिथेच बिघडलं. तू आता शाळेत मास्तरीण झालीस, तेव्हा मामाच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई मारलीस तरी चालेल. पण आईला वाचून दाखवताना दमाने वाच, आणि ती मध्येच उठून चुलीकडे निघाली तर पदर धरून बसव.

बाय, भाऊबीजेची साडी यंदाही परत आली. टपालखात्याला आता तिची सवय झाली आहे. 'नाकारली' असा शेरा मारून आठ दिवसांत बिनबोभाट पोचती करतात. सतरा वर्षं झाली. मी किती चिवट आहे हे गोऱ्या सरकारला कळलं होतं, ते माझ्या सख्ख्या बहिणीला कळू नये? पुढच्या वर्षीही पाठवणार आहे.

उपमंत्री म्हणजे काय असतं, ते गावात कुणी तुला नीट सांगितलं नसेल. मंत्री अर्धा, खुर्ची मात्र पुरी. दोन चपराशी, एक गाडी, आणि भिंतीला टेकून बसायची चोरी. सुकटीची चटणी डब्यात नेली तर सचिवालयाचा तिसरा मजला वास घेत हिंडतो. बेचाळीस साली ज्या पोलीस पार्टीने माझ्यामागे सागरगडचा डोंगर पालथा घातला, तिच्यातलाच एक हवालदार आता माझ्या बंगल्याच्या फाटकावर आहे. रोज सकाळी खाडकन सलाम ठोकतो. एकदा मी त्याला विचारलं, "काय हो, तेव्हा मी सापडलो असतो तर?" तो म्हणाला, "साहेब, तवाबी हुकूम, आताबी हुकूम." माणूस मला आवडला.

आता कामाची बातमी. आपल्या कासवखारचा नवा बांध पुरा झाला. चांगला दगडी, वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद, आणि जुन्या लाकडी उघाडीच्या जागी लोखंडी दारं बसवली आहेत. माझे चिटणीस दत्तात्रेय साने पुण्याचे. त्यांनी विचारलं, उघाडी म्हणजे काय? मी म्हटलं, खाडी आणि शेत यांच्यामधलं पाण्याचं दार. ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटून खारं पाणी बाहेर ठेवायचं. दाराशी बसणारा माणूस शहाणा असेल तर भात पिकतो, नाहीतर मीठ. साने हसले. त्यांना ती गंमत वाटली.

बांधाच्या आत दीडशे एकर नवी जमीन निघाली आहे. ती गावच्या घरांना वाटायची आहे. यादी जोळीने करून पाठवली. साने म्हणाले, जोळ म्हणजे? म्हटलं, घरटी एक माणूस आणि एक घमेलं. बांधाला खांड पडली अशी हाळी आली की ताटावरून उठून धावायचं आणि चिखल टाकून खांड बुजवायची. जो धावतो तो जोळीत, आणि जो जोळीत तो गावात. तेव्हा त्यांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "मग या घरापुढे 'जोळबाहेर' असं का लिहिलं आहे, साहेब?"

सदू राघो घरत.

मी त्यांना सांगितलं, जुनी गोष्ट आहे. बेचाळीस साली उघाडी उघडी राहिली, उधाणाचं पाणी शिरलं, मोठी खांड पडली आणि गावाचं सगळं भात बुडालं. उघाडी सांभाळायला सदूदाजी होते. गावाने राग धरला, तो अजून सोडलेला नाही. साने 'अरेरे' म्हणाले आणि दुसरा कागद पुढे केला.

तर बाय, मी काय करणार ते सांगतो. माझ्या सहीशिवाय ही यादी मंजूर होत नाही. सही करताना त्या 'जोळबाहेर'वर आडवी रेघ मारतो आणि दाजींच्या घराला बांधालगतचा चांगला तुकडा लावून देतो. कोण मला विचारणार आहे? पाडव्याला उद्घाटनाला येतो आहे. तू ये, दाजींना घेऊन ये, आणि एवढ्या वर्षांचा राग त्या दिवशी खाडीत सोडून दे.

तुझा
धर्माजी

* * *

मुंबई,
ता. ४ मार्च १९६१

ती. बायला धर्माचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर राहीचं, पण बोलणं असं तुझं की वाचताना माझा हात आपोआप कानाकडे गेला. सान्यांनी विचारलं, "घरचं पत्र का?" म्हटलं, घरचंच, कान उपटलेला दिसत नाही का?

तुझे शब्द मी इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मी ते नीट वाचले हे तुला कळेल. 'कलमानं नाव चढवू नको. जोळीनं काढलंय, जोळच आत घेईल. तुला लाज असंल तर उघाडी कुनी उघडली ती तोंडानं सांग. माझ्या पोरीलाबी ठावं न्हाय. मालकानं माझ्याकडनं वचन घेतलंय, मी बोलनार न्हाय. तू बोल.'

हे राहीने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्याचा अर्थ तिला कळला नाही. तेव्हा राही, आता तूच ऐक. आई शेजारी आहेच.

उघाडी तुझ्या बापाने उघडली नाही. मी उघडली.

तू चार वर्षांची होतीस. चळवळ पेटली होती. आम्ही तारा तोडल्या होत्या, खोताच्या कचेरीवरचं निशाण उतरवलं होतं, आणि आमच्यातली अकरा पोरं कासवखारला मारुतीच्या देवळात लपली होती. मी सागरगडच्या रानात हिवतापाने पडलो होतो. पाच दिवस मला दिवस-रात्र कळत नव्हती, आणि आभाळ असं भरलेलं की चंद्राचं तोंड नाही. अंगातला ताप उतरला तेव्हा बातमी आली की पोलीस उद्या सकाळी बांधावरून कासवखारला येणार. मी तसाच चालत निघालो आणि पहाटे गावात आलो.

माझा बेत सोपा होता. गावाकडे येणारी वाट बांधावरून उतरून सखल खाचरांतून जाते. उघाडी उघडून गुडघाभर पाणी आत घेतलं की बूटवाले पोलीस चिखलात रुततात, आणि तेवढ्यात पोरं होडीने पलीकडे जातात. नवमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती; ती अशी किती येते? गुडघाभर येते, दुपारपर्यंत ओसरते, भाताला काही होत नाही. उघाडीला खोताचं कुलूप असायचं आणि चावी तुझ्या बापाकडे. ती चावी मी घेतली. आम्हाला वाटलं वद्य नवमी आहे. होती चौदस, अवसेच्या उधाणाची. आमची तिथी चुकली.

पोरं निसटली. त्यातलं एकही सापडलं नाही, आणि याचा अभिमान मला आजही आहे. पण दहा वाजेपर्यंत पाणी असं चढलं की उघाडीची चौकटच उखडली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बांध फुटत गेला. आपलं तांबडं राता भात नुकतं निसवलं होतं. डोळ्यांदेखत सगळं खाली गेलं. पुढे तीन वर्षं त्या खाचरांत लव्हाळ्याशिवाय काही उगवलं नाही.

दाजींनी माझ्या हातातली चावी परत घेतली आणि म्हणाले, "तू जा. तू धरला गेलास तर समदं संपंल." मी होडीत बसलो. पोलीस आणि गाव एकदमच खांडीवर पोचले, तेव्हा चावी हातात घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "मी उघडली." दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. सरकारने केलेली शिक्षा संपली, गावाने केलेली अजून चालू आहे. खार जमिनीच्या गावात माणूस मारलेला एक वेळ खपतो, बांध फोडलेला खपत नाही.

पुढे मीही पकडला गेलो. चव्वेचाळीस साली मी सुटून आलो तेव्हा ताशे-वाजंत्री घेऊन गाव मला आणायला आलं. मिरवणूक तुमच्या दारावरून गेली. दार बंद होतं. मी मनाशी म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग उद्याची निवडणूक झाली, निवडणुकीची खुर्ची झाली. मी भेकड नाही, राही. गोळीबारात मी मागे वळलो नाही. पण हे एक वाक्य मला एकोणीस वर्षं बोलता आलं नाही, आणि त्याची लाज तुझ्या आईने कार्डावर लिहून मागितली तेव्हा मला पुरती वाटली.

आता मात्र बोलणार. पाडव्याला, भरसभेत, कलेक्टरसाहेबांच्या समोर. भाषण लिहून ठेवलं आहे. सान्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, विरोधक याचं भांडवल करतील." मी म्हटलं, करू देत बिचारे, त्यांना तरी दुसरं काय काम आहे? बाय, काळजी करू नकोस. मी बोलायला उभा राहिलो की काय होतं ते तुला माहीत आहे. दाजींचं नाव त्याच दिवशी जोळीत येईल.

पुढल्या ओळीला बसा, दोघंही.

तुझा
धर्मा

* * *

अलिबाग, सरकारी विश्रामगृह,
ता. २० मार्च १९६१

ती. बाय,

नमस्कार. हे पत्र टपालाने जाणार नाही. कान्हा ड्रायव्हर उद्या सकाळी तुझ्या हातात आणून देईल. राही घरी आल्याशिवाय ते उघडू नकोस.

पाडव्याला जे झालं ते तू शेवटच्या ओळीत बसून पाहिलंस. पुढे बसा म्हटलं तर तुम्ही दोघं पार मागे, पाण्याच्या हंड्यांजवळ. तरी माझं लक्ष तुमच्यावरच होतं. मी बोललो. 'उघाडी सदू घरतांनी उघडली नाही, मी उघडली' असं सरळ म्हटलं. मग मी तापाचं सांगितलं, पोरांचं सांगितलं, आणि म्हणालो, "आमची तिथी चुकली. त्या चुकीची शिक्षा एका माणसाने भोगली. गावाने आज मला क्षमा करावी आणि त्याला आत घ्यावं."

आणि बाय, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भात माझ्यामुळे बुडालं, त्याच लोकांनी. विठोबा पाटील जोळीचे म्होरके, माझ्यावर काठी उगारतील असं मला वाटलं होतं. ते काठी टेकत माचावर आले, आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि मोठ्याने म्हणाले, "सदू घरत आजपासून जोळीत!" कलेक्टरसाहेबांनी डोळे पुसले. मुंबईच्या एका पेपरात काल छापून आलं आहे, मंत्र्याच्या मनाचा मोठेपणा म्हणून. मला वाटलं, एकोणीस वर्षं उगाच घाबरलो. किती सोपं होतं!

मग मी मागे पाहिलं, तर दाजींची जागा रिकामी होती.

जीप घेऊन मी घरी आलो. तू दारात उभी होतीस. आत ये म्हणाली नाहीस. एवढ्या वर्षांनी तू माझ्याशी जे पहिलं बोललीस, ते मला मरेपर्यंत पाठ राहील. "धर्मा, माझा मालक खांड पाडनारा म्हनून जगला, त्याचं त्याला कायबी वाटलं न्हाय. ते त्यानं आपनहून घेतलं व्हतं. आज तू त्याला बावळट केलंस. 'आमची' तिथी? त्याच्या बापानं, आज्यानं उघाडी राखली. तिथीची पाऊनपट करून भरतीची येळ ती झोपेत सांगतात. उघाडीवाल्याला चौदस कळली न्हाय, असं आता गावातली पोरंटोरं बोलतील. जोळीत घेतलं म्हनं! घमेलं उचलायला घेतलं. उघाडीची चावी देतील काय त्याच्या हातात?"

मी म्हणालो, "बाय, मी त्यांचं नाव घेतलं नाही." तू म्हणालीस, "आमची म्हनलास." आणि दार लावलंस.

तीन दिवस मी या विश्रामगृहात बसून आहे. सान्यांना मुंबईला धाडलं. 'आमची' हा शब्द भाषणात लिहिताना मी थांबलो होतो, हे मला आठवतं. आधी 'माझी' लिहिलं होतं. ते खोडलं. का खोडलं, ते आता लिहितो. राही, इथून पुढे हळू वाच.

त्या पहाटे तुझे बाबा उघाडीवर बसले होते. मी चावी मागितली. ते म्हणाले, "धर्मा, आज चौदस हाय. उद्या आवस. आज उघडू नको." मी म्हणालो, नवमी आहे. ते भांडले नाहीत. नुसतं खाडीकडे बोट केलं. "पानी केवढं मागं गेलंय बघ. भांगाला एवढी व्होटी लागती व्हय?"

मी बघितलं. खाडी मधोमध उघडी पडली होती. पार पलीकडच्या तिवरांपर्यंत चिखल दिसत होता. एवढी ओहोटी फक्त उधाणाला लागते. जेवढं मागे गेलं, तेवढंच पुढे येणार. खारातलं शेंबडं पोर हे सांगेल, आणि मी तर तिथेच वाढलो. मला कळलं, बाय. त्याच क्षणी कळलं की दाजी बरोबर आहेत आणि आपण चुकलो आहोत.

पण अकरा पोरं माझ्यामागे उभी होती. त्यांच्यासमोर मी नवमी म्हणून बसलो होतो. माझा शब्द म्हणजे हुकूम, अशी सवय मला लागली होती, आणि ती मला फार आवडत होती. मी दाजींना म्हणालो, "लढा पंचांग बघून होत नाही. चावी दे. नाहीतर तू खोताचा माणूस." ज्याने माझ्या बहिणीचा संसार केला, ज्याच्या घरात मी जेवलो, त्याला मी अकरा पोरांसमोर खोताचा माणूस म्हणालो. त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून घेतलं. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मला सरळ तोंड दाखवलेलं नाही.

पोरं दुसऱ्या वाटेने नेता आली असती. दाजींनी तीही वाट सांगितली होती, तिवरांतून, थोडी लांबची. मी ऐकून घेतलं नाही.

याच कारणाने मी एकोणीस वर्षं गप्प होतो. चूक कबूल करायला मी कधी भ्यालो नाही. ही चूक नव्हती, हे मला ठाऊक होतं. म्हणून भाषणात 'तिथी चुकली' म्हणालो, आणि एकट्याची म्हणालो असतो तर लोकांनी विचारलं असतं, उघाडीवाल्याने सांगितलं कसं नाही? तो प्रश्न येऊ नये म्हणून 'आमची'. मी भाषणं चांगली करतो, बाय. फार चांगली करतो.

रामनवमीला देवळासमोर जोळ बसते. राही, हे पत्र तिथे उभी राहून वाच. पहिल्या ओळीपासून, काही गाळू नकोस. माझ्या तोंडून पुन्हा नको, मी बोललो की टाळ्या पडतात. तुझ्या तोंडून ऐकू देत. त्या अकरांतले जे गावात आहेत, तेही बसलेले असतील. त्यांनी ते बोलणं ऐकलं होतं आणि माझ्या धाकाने गिळलं होतं. विठोबांनी त्यांना नाव घेऊन विचारावं, असा माझा त्यांना निरोप सांग. याची एक प्रत मी त्या पेपरालाही पाठवतो आहे, त्यांनी छापलेला मोठेपणा परत घ्यायला. खुर्चीचं काय व्हायचं ते होईल. खुर्चीवाचून मी अर्धं आयुष्य काढलं आहे आणि ते काही वाईट गेलं नाही.

यादीवर मी सही केलेली नाही. जमीन कुणाला, जोळीत कोण राहील, माझं घर आत की बाहेर, हे जोळीनेच ठरवायचं. तू म्हणालीस तसंच. मी रामनवमीला येतो आहे, गाडी अलिबागलाच ठेवून, चालत. जोळीत मागे जिथे जागा मिळेल तिथे खाली बसेन आणि विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

दाजींना नमस्कार सांग. घेतला नाही तरी सांग. आणि पत्र वाचून संपलं, की राही, बाबांकडे बघून एवढं मोठ्याने म्हण: त्या दिवशी तिथी कुणाचीच चुकली नव्हती.

पाणी बघूनही दार उघडणारा,
तुझा भाऊ
धर्मा